पर्सांच्या खोलीतली बाई

मी कपाळ पुढे केलं. चूक एवढीच.

तेव्हा मला नुकतंच साठावं लागलं होतं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, माझ्या बाबतीत ते अगदी मुहूर्त साधून खरं झालं. सून रश्मी हळदीकुंकवाचं तबक घेऊन एकेकीसमोर थांबत होती. माझ्या उजवीकडच्या बाईला लावून झालं. मग ती माझ्यासमोर आली. नवरा जाऊन सव्वीस वर्षं झालेली मी, हनुवटी उचलून, डोळे मिटून, बक्षीस समारंभाला आलेल्या शाळकरी मुलीसारखी कपाळ पुढे करून बसले.

डोळे मिटले हे तर फारच झालं. बराच वेळ काही होईना म्हणून उघडले. रश्मीचं बोट हवेत थांबलं होतं. बोटाच्या टोकाला कुंकू. तिचा चेहरा पांढरा पडलेला. तिनं शेजारच्या डब्यातून टिश्यू ओढला, बोट पुसलं, नीट, नखाच्या कडेपर्यंत. मग म्हणाली,

"आई, इराला बघता का जरा आत?"

इरा माझी नात. तेव्हा सात वर्षांची. समोरच गालिच्यावर मांडी घालून चिप्स खात होती.

"बट आय ॲम हिअर, मम्मा," ती म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी उठले. बाहेर बसलेल्या इराला बघायला मी आत गेले.

आत म्हणजे बेडरूममध्ये. पलंगावर बायकांच्या पर्सा रचलेल्या. बावीस बायका, बावीस पर्सा, चामड्याच्या, सोनेरी कड्यांच्या. मला बसायला पलंगाची एक कड उरली होती. तिथं बसले. सत्ताविसावा मजला. खाली ते तळं, माणसांनी खणलेलं, भोवती टॉवर उभे. सगळ्या काचा बंद. बाहेरून उखाणे ऐकू येत होते.

"सत्ताविसाव्या मजल्यावर वारा येतो छान, अमितरावांचं नाव घेते, राखते सर्वांचा मान."

सत्ताविसाव्या मजल्यावर खिडकीच उघडत नाही. वारा कुठून येतोय बाई? पण सर्वांचा मान राखला गेला. मी पर्सा राखल्या.

आता हे असं का झालं ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला रीतच ठाऊक नव्हती. रीत मला झोपेतही पाठ होती. मी सांगलीकडची. चौतिसाव्या वर्षी नवरा गेला, त्याच्याच कचेरीत अनुकंपा तत्त्वावर चिकटले. संक्रांतीनंतर चहाच्या वेळेत बायका कचेरीत हळदीकुंकू करायच्या. तबकाचा आवाज आला की मी रेकॉर्ड रूममध्ये जायची. कुणी सांगावं लागायचं नाही. जुन्या फायलींवरची धूळ झटकत बसायची. त्या कचेरीत माझ्याइतक्या स्वच्छ फायली कुणाच्याच नव्हत्या. सगळ्या म्हणायच्या, "वहिनी फार समजूतदार." आणि मी मूर्ख, ते पदकासारखं छातीवर लावून घरी यायची. आरशात बघून खूश व्हायची म्हणा ना.

मग मुलगा अभय दुबईला आला. इरा झाली. सून बँकेत मोठ्या पदावर, सकाळी सातला बाहेर. नातीला कोण बघणार? आजी. मुदतीआधी नोकरी सोडली. माझा व्हिसा मुलाच्या नावावर, दर वर्षी नवा करावा लागतो. आले. इरा शाळेत जायला लागली आणि सकाळी साडेसात ते दुपारी तीन मी, फ्रीजचा आवाज आणि ते तळं. इरा आली की मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत सांगायची. "काय खाल्लंस?" "नथिंग." एवढा आमचा संवाद. शेजारी कोण राहतं ते तीन वर्षांत कळलं नाही. लिफ्टमध्ये एक फिलिपिनो मुलगी रोज हसायची. तिचं हसू मी दिवसभर पुरवून वापरायची.

या टॉवरातल्या मराठी बायकांचं एक फिल्म सर्कल होतं. महिन्याच्या एका शुक्रवारी, तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची, कुणाच्या तरी घरी भिंतीवर सिनेमा लावायचा आणि नंतर चर्चा करायची. प्रमुख मेधाताई. पुण्यात सिनेमाचा कोर्स केलेल्या, बोलताना चष्मा काढून हातात धरायच्या. जानेवारीत आमच्या घरी पाळी आली. रश्मीनं ठरवलं, हळदीकुंकू आणि सिनेमा एकत्रच उरकू, सगळ्या पुन्हा कुठं जमणार. वाण म्हणून ड्रॅगन मार्टमधून स्टीलचे छोटे डबे आणले. बावीस डबे. बावीस डब्यांना गुलाबी रिबिनी मी बांधल्या. तेविसावा डबा नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. वाईट वाटलं नाही. समजूतदार ना मी.

माझं नेहमीचं ठरलेलं होतं. सिनेमा बघायचा, आणि तबक निघालं की कढीच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जायचं. कढी कामाला येते अशा वेळी. उतू जाते.

पण सिनेमाआधी मेधाताई बोलल्या. चष्मा हातात घेऊन म्हणाल्या, "लक्षात ठेवा, ही फक्त एका जपानी विधवेची गोष्ट नाही. ही प्रत्येक स्त्रीची गोष्ट आहे."

प्रत्येक स्त्रीत मीही आले, असं मी समजले. बघा, किती भोळी.

सिनेमा जुना. काळापांढरा. युद्ध संपल्यावरचा जपान. एका बाईचा नवरा लढाईवर गेला तो आलाच नाही. आली एक लाकडी पेटी. आत नुसता कागद. सासरचा कापड रंगवायचा धंदा. ती हातांची कातडी निघेपर्यंत कापड बुडवते, पिळते, वाळत घालते. सासू तिला मारत नाही, शिव्या देत नाही. गोड बोलते. पाहुणे आले की म्हणते, तू दमली असशील, तू मागं थांब. बाई कमरेत वाकते आणि मागं थांबते. दीर वाटणी करतो, ती वाकते. मुलगी मोठी होते, लग्न ठरतं, मुलीच्या सासरची माणसं येतात, मुलगीच सांगते, आई तू आत राहा. ती मुलीसमोरही वाकते.

खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मी कारकून बाई, इंग्रजी वाचते, पण अर्जाच्या वेगानं. दहा मिनिटांत वाचायचा नाद सोडला आणि बाईकडे बघत बसले. तिच्या पाठीकडे. ती पाठ मला ओळखीची होती.

शेवटी ती बाई लग्नघरातून एकटी परत येते. संध्याकाळ. घरात कुणी नाही. ती वाडग्यात भात घेते, लोणच्याचा तुकडा ठेवते आणि चौरंगाशी बसते. जेवते. बस. कॅमेरा हलत नाही. ती चावते, गिळते, पुन्हा घास घेते. वाडगं संपतं. सिनेमा संपतो.

दिवे लागले तेव्हा सगळ्या रडत होत्या. खरंच रडत होत्या, खोटं कशाला सांगू. टिश्यूचा डबा हातोहात फिरला. माझ्या शेजारच्या तरुण मुलीनं माझा हात घट्ट धरला. "काकू, काय बाई आहे ना!" म्हणाली. सव्वीस वर्षांत कुणा सवाष्णीनं माझा हात असा धरला नव्हता. मी विरघळले. कढी विसरले. तबक निघालं आणि मी जागेवरच होते. मला वाटलं, या सगळ्यांना कळलं. मला वाटलं, जपानच्या विधवेसाठी एवढं पाणी काढलंय, चार थेंब सांगलीच्या विधवेच्या वाट्याला येतीलच.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. टिश्यूचा डबा तोच होता. डोळे पुसले त्याच डब्यातून बोट पुसलं.

पर्सांच्या खोलीत दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. जेवणं सुरू झाली. चर्चा ऐकू आली. एक म्हणाली, "तिचं ते एकटीनं जेवणं... अगं, गूजबम्प्स आले." दुसरी म्हणाली, "थोडा स्लो होता, पण काय स्ट्राँग कॅरेक्टर!" मग आवाज खाली आला. मेधाताई. "अगं, काकूंना सिनेमामुळं भरून आलं असेल गं. मनावर नको घेऊस रश्मी."

म्हणजे मनावर रश्मीनं घ्यायचं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर रश्मी माझं ताट घेऊन आली. वाईट मुलगी नाही ती. तिचे डोळे सुजलेले. "आई, सॉरी. पण तुम्हाला माहितीये ना, लोकांचं कसं असतं." मी म्हटलं, "हो गं, माझीच चूक." आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याशी उभ्यानं जेवले. रोज तशीच जेवत होते. त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं की मी उभी आहे.

मेधाताईंचा पेन ड्राइव्ह आमच्याकडेच राहिला होता. पुढचे कितीतरी दिवस दुपारी मी तो सिनेमा लावायची. एकटीच. पडदे ओढून. सातव्या-आठव्या वेळी ध्यानात आलं की सबंध सिनेमात ती बाई कुणाच्या समोर एकदाही बसत नाही. उभी असते, वाकलेली असते, ओणवी असते, धावत असते. बसते ती फक्त शेवटी, घरात कुणी नसताना. आणि आमच्या बायका म्हणाल्या स्ट्राँग! कुणी बघत नसताना बसायला कसलं आलंय स्ट्राँग? तसं मीही बसत होते की. साडेसात ते तीन.

मला त्या बाईचा राग यायला लागला. टीव्हीशी भांडायची मी. "अगं सटवे, सगळे असताना बस की!" चहा घ्यायची, भांडायची, तीन वाजले की पडदे उघडायची.

याच दिवसांत रश्मीचे ब्लाउज आणायला मी इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत हमीदाकडे जायची. हमीदा रत्नागिरीकडची, फ्लॅटच्या हॉलमध्येच शिवणयंत्र. तिचाही नवरा गेलेला, अबुधाबीजवळ बांधकामाच्या साइटवर. दोघी चहा प्यायचो. एकदा मी तिला ते कपाळाचं सगळं सांगितलं. विनोद करून सांगितलं, डोळे मिटून कपाळ पुढे करून दाखवलं. वाटलं, हसेल.

ती हसली नाही. दोरा दातानं तोडला. म्हणाली,

"वहिनी, आमच्यात चार महिने दहा दिवस. इद्दत. बाईनं घरात बसायचं. मग खलास. ऊठ, कामाला लाग. लोक बोलतात, ती लोकं आमच्यातही आहेत. पण किताबात चार महिने दहा दिवस." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमचं सव्वीस वर्षं चाललंय? कुठल्या किताबात आहे?"

 मला कुणी किताब दाखवलाच नव्हता. मला कुणी ऊठ असंही म्हटलं नव्हतं. मीच उठत होते. तबक वाजलं की मीच. रश्मीनं त्या दिवशी सांगितलं, ते पहिल्यांदा कुणाला तरी सांगावं लागलं म्हणून. तोवर ते काम मी स्वतः करत होते, बिनपगारी.

घरी येताना बसमध्ये सुशीला आठवली. आणि मग मला खिडकीबाहेर बघवेना.

सुशीला आमच्या कचेरीत टायपिस्ट. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. तिचा नवरा अपघातात गेला. त्या संक्रांतीला ती कामावर आली होती, तबक निघालं आणि ती टंकयंत्रापुढे बसूनच राहिली. मी रेकॉर्ड रूमच्या दारातून तिला डोळ्यानं खुणावलं. ये इकडं. मायेनं खुणावलं हो. तिचा अपमान होऊ नये म्हणून. ती आली. मी तिच्या हातात फडकं दिलं.

घरी आल्यावर तिला फोन लावला. ती आता मिरजेला असते. दोन वर्षांनी बोलत होतो. तब्येतीचं झालं, मुलांचं झालं, दुबईच्या उष्णतेचं झालं. मग मी विचारलं, "सुशीला, तुला ती पहिली संक्रांत आठवते का गं?"

 

"ताई, मी त्या दिवशी बसायचं ठरवून आले होते," ती म्हणाली. "घरून ठरवून. तुम्ही खुणावलंत म्हणून उठले."

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं. मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मी समजूतदार! मी त्या पोरीला अंधाऱ्या खोलीत ओढलं होतं आणि वर माया केली म्हणून मिरवत होते. जपानी सिनेमातली ती गोड बोलणारी सासू मी होते. मागं थांब म्हणणारी.

त्या दिवसानंतर मी सिनेमा लावला नाही. गरज नव्हती.

पुढच्या जानेवारीत हळदीकुंकू पुन्हा आमच्याकडे आलं. रश्मीनं आधीच सोय करून ठेवली होती. "आई, पाच वाजता तुम्ही इराला घेऊन खाली गार्डनमध्ये जाल का? तुम्हालाही मोकळं वाटेल." मी म्हटलं, "बघू." लढाईआधी शत्रूला बेत सांगू नये.

पाचला मी माझी मोरपिशी साडी नेसले. गुडघ्याला पट्टा बांधला, अगदी करकचून, म्हणजे सवयीनं उठायला गेले तरी वेळ लागावा. आणि हॉलमध्ये मधोमध, ज्या खुर्चीवर मेधाताई बसायच्या त्या खुर्चीवर जाऊन बसले. मेधाताई आल्या, थबकल्या, सोफ्यावर टेकल्या.

तबक निघालं. छातीत नुसतं धडधडत होतं. हे सांगायला हवं, नाहीतर उगाच वाटेल झाशीची राणी बसली होती.  मुलाच्या घरात, मुलाच्या व्हिसावर, मी सुनेच्या तबकासमोर बसले होते. रश्मी एकेक करत माझ्यापर्यंत आली. थांबली.

"आई," हळूच म्हणाली. "प्लीज."

"मला लावू नकोस," मी म्हणाले. "मला नको आहे ते. पुढच्या बाईला लाव. पण मी उठणार नाही."

  मेधाताईंनी चष्मा काढला. "काकू, प्रश्न तुमचा नाही हो. आमचं काहीच म्हणणं नाही. पण काही जणींना चालत नाही."

"कुणाला चालत नाही?"

मेधाताई तबकाकडे बघू लागल्या.

"जिला चालत नसेल तिनं उठावं," मी म्हणाले. "आत पर्सा आहेत. जागा आहे पलंगावर. मला माहितीये."

एक उठली. आत नाही गेली, पर्स घेऊन दारातून गेली. मग तिच्या मागोमाग दोघी. गेल्या वर्षी माझा हात धरणारी ती तरुण मुलगी मोबाइलमध्ये बघत राहिली. उखाणे झाले नाहीत. तिळगूळ ताटात राहिला. पाऊण तासात हॉल रिकामा झाला. रश्मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. मी खुर्चीवरच. पट्टा इतका घट्ट की पाय सुन्न झाला होता.

याला आठ वर्षं झाली. म्हणजे आज सगळं छान आहे आणि बायका माझ्या पाया पडतात, असलं काही सांगायला मी बसले नाही. मेधाताईंचं सर्कल आता दुसऱ्या टॉवरात भरतं. आमच्याकडे कुणी येत नाही. रश्मी माझ्याशी बोलते, औषधं आणते, व्हिसाचे कागद वेळेवर देते. त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललेली नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला, बारशाला, डोहाळजेवणाला मी जाते. निमंत्रण अभयच्या नावानं येतं, त्यात मी बसतेच. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत नाही. पुढं. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या बहुतेक वेळा रिकाम्या राहतात. तबक येतं, माझ्यासमोरून पुढं जातं. मी कपाळ पुढे करत नाही आणि डोळेही मिटत नाही. ते पुढं जाताना बघत बसते. नेणारीचं तोंड बघत बसते.

कुंकू मला कधीच नको होतं. हे कळायला साठ वर्षं लागली, एवढी मी हुशार. मला फक्त खोलीतून जायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी बायका गेल्यावर अभय आला. त्याला फोनवर सगळं कळलं होतं. माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसला. टाय सैल केला. चिडलेला नव्हता, दमलेला होता. त्याच्या वडिलांसारखा कपाळ चोळत होता. म्हणाला, "आई, वर्षातून एक तास. एक तास आत बसली असतीस तर काय झालं असतं?"

मी त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, बाळा, यापुढं मी आत जाणार नाही. तुझ्या घरात नाही, कुणाच्याच घरात नाही. मला परत सांगलीला पाठवायचं असेल तर पाठव, तिथंही आत जाणार नाही. आणि माझ्यासमोर दुसऱ्या कुठल्या बाईला आत पाठवलं, तर तिलाही जाऊ देणार नाही. तिचा हात धरून बसेन.

त्यानं टाय काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला,

"मग तुला एकटीलाच बसावं लागेल, आई."